पिंपातील अस्तर आणि भट्टीतील धूर

(ग्रामीण कारागीर, बचत गटांच्या सभासद भगिनी आणि शेतकरी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कापसाचे, संत्र्याचे, पाण्याचे प्रश्न समोर असताना एका रिकाम्या पिंपाविषयी तासभर काय बोलावयाचे, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आपण आपल्या गावाकडे जरा बारकाईने पाहिले, तर हे दोनशे लिटरचे पोलादी पिंप आपल्या जीवनात किती खोलवर शिरले आहे याची कल्पना येईल. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट, म्हणून गोडे पाणी साठवावयास पिंप लागते. घर बांधताना गवंड्याला पिंप लागते. रस्त्याच्या कामावरून उरलेली डांबराची पिंपे सपाट करून कुडाला आणि गोठ्याला पत्रा म्हणून लावली जातात. ढाब्यावरील तंदुरीची माती पिंपातच बसविलेली असते. आणि आता खाद्यपदार्थांना धुरी देण्याची भट्टी पिंपापासून घरीच बनवावी, असा विचार अनेक तरुण आणि बचत गट करू लागले आहेत.

हा विचार चांगला आहे. त्याला विरोध करण्यासाठी मी उभा नाही. मात्र या पिंपाच्या आत, पत्र्याला चिकटलेला, नखाएवढ्याही जाडीचा नसलेला एक थर असतो. आपण त्याला अस्तर म्हणू. हे अस्तर काढल्याशिवाय त्या पिंपात अन्नासाठी विस्तव पेटवू नये, आणि ज्या पिंपात विष भरलेले होते, त्याचे अस्तर काढूनही ते अन्नासाठी वापरू नये, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. बाकीचे सारे या दोन गोष्टींचे स्पष्टीकरण होय.

वऱ्हाडाला धूर नवा नाही

धुराच्या चवीचे आकर्षण आपल्याला परदेशातून आलेले नाही. शेतात तुराट्यांच्या किंवा पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून केलेल्या भरिताची चव ज्याने घेतली आहे, त्याला ती वेगळी सांगावयास नको. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, हिवाळ्यातील हुरडा, वरणाच्या किंवा ताकाच्या भांड्यात तापलेल्या निखाऱ्यावर तुपाचा थेंब टाकून दिलेला धुंगार, या सर्वांत धूर हाच मसाला असतो. पूर्वी हे काम उघड्या जमिनीवर होत असे. जाळाखाली माती होती, वर आकाश होते आणि मध्ये कोणतेही रसायन नव्हते.

आता त्याला व्यवसायाचे रूप देता येईल, असे दिसू लागले आहे. मोर्शी तालुक्यातील सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरण, अकोला जिल्ह्यातील काटेपूर्णा, सातपुड्याच्या पायथ्याचे वाण आणि शहानूर या जलाशयांच्या परिसरात मासळी मिळते. मासळी लवकर नासते. बाजार लांब असेल, तर मच्छीमाराला मिळेल त्या भावात ती विकून मोकळे व्हावे लागते. मीठ आणि धूर यांचे संस्कार केल्यास ती अधिक काळ टिकते व तिला वेगळी चव येते. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्त्रिया तेलाच्या पिंपांच्या भट्ट्यांत मासे धुरावून विकत आल्या आहेत. या भट्ट्यांत सरपण अधिक लागते आणि धुराचा त्रास होतो, म्हणून घाना देशातील चोरकोर या गावी सुधारित भट्टी तयार झाली आणि पुढे ती अनेक देशांत पसरली. सांगावयाचा मुद्दा असा की, पिंपाची भट्टी हा गरिबांचा शोध आहे. तो टाकाऊ ठरवू नये. तो निर्धोक करावा.

पिंप आले कोठून आणि अस्तर कशासाठी

पोलादी पिंपाचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेत तेल पूर्वी लाकडी पिंपांतून नेले जाई आणि ती गळत. १९०५ साली न्यूयॉर्कमधील एका कारखान्यात हेन्री वेअरहान या कारागिराने पोलादी पिंपाचे एकस्व घेतले. हा कारखाना चालविणारी स्त्री म्हणजे बहात्तर दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून नाव मिळविलेली पत्रकार नेली ब्लाय होय. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या इंधनाबरोबर हे पिंप जगभर पोचले. त्रिनिदाद बेटावर तर लोकांनी त्यापासून वाद्य तयार केले. अशा रीतीने मूळचे तेलाचे भांडे प्रत्येक देशात वेगवेगळ्या कामाला लागले.

मात्र पोलाद प्रत्येक पदार्थाला सोसत नाही. फळांचा रस, टोमॅटोचा गर, आम्लधर्मी पदार्थ आणि अनेक रसायने पत्र्याला खातात. पत्रा गंजतो आणि मालही बिघडतो. म्हणून कारखान्यात पिंपाच्या आतील बाजूला कृत्रिम राळेचा लेप फवारतात आणि भट्टीत तापवून तो पक्का करतात. या राळा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एक फिनॉलिक आणि दुसरी इपॉक्सी. बहुधा या दोहोंचे मिश्रणही वापरले जाते. फिनॉलिक हे नाव अनोळखी वाटेल, पण वस्तू ओळखीची आहे. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली शोधलेले बॅकेलाइट याच कुळातील होय. विजेची जुनी काळी बटणे आणि कुकरच्या मुठी त्याच्याच. कुकरची मूठ आचेजवळ गेली की जो उग्र दर्प सुटतो, तो आठवला म्हणजे अस्तर जळताना काय होत असेल याचा अंदाज करता येतो.

सर्वच पिंपांना अस्तर नसते. साधे वंगणतेल किंवा तत्सम माल असलेल्या पिंपांत पुष्कळदा नुसता उघडा पत्रा असतो. अस्तर असेल तर आतील रंग लालसर, सोनेरी-तपकिरी किंवा राखाडी दिसतो आणि त्यावर एकसारखी चकाकी असते. खात्री करण्याचा सोपा उपाय असा: खिळ्याच्या टोकाने आतील बाजूवर जोरात रेघ ओढावी. ताबडतोब धातूची चमक दिसली आणि खरवड निघाली नाही, तर पत्रा उघडा आहे. रंगीत कपची किंवा भुकटी निघाली आणि तिच्याखाली धातू दिसला, तर अस्तर आहे. ही परीक्षा एकाच जागी न करता तळाशी, मध्यभागी व झाकणाच्या आतील बाजूस अशी तीन ठिकाणी करावी.

भट्टीच्या मंद आचेत धोका कसा

येथे एक शंका विचारली जाते. अस्तर जळणारच असेल, तर भट्टी पेटविल्यावर ते आपोआप जळून जाणार नाही काय? या शंकेचे उत्तर समजून घेणे फार महत्त्वाचे आहे.

अन्नाला धुरी देण्याच्या भट्टीत आच मंद ठेवावी लागते. मासळी किंवा मांस ज्या ठिकाणी टांगलेले असते, तेथील तापमान साधारणपणे सत्तर ते सव्वाशे अंश सेल्सिअस असते. राळेचे अस्तर मोडू लागते ते सुमारे तीनशे अंशांच्या पुढे, आणि पूर्ण जळून जाण्यास त्याहून कितीतरी अधिक उष्णता लागते. म्हणजे भट्टीच्या वरच्या भागात अस्तर जसेच्या तसे राहते आणि निखाऱ्यांजवळच्या भागात ते नुसते करपत राहते. एकदाच जळून संपत नाही. प्रत्येक वेळी थोडे थोडे करपते आणि त्यातून फिनॉल, फॉर्माल्डिहाइड यांसारखी द्रव्ये बाहेर पडतात. भट्टी झाकलेली असल्यामुळे ती द्रव्ये अन्नाभोवतीच फिरतात. वरच्या भागातील अस्तराच्या कपच्या सुटून पदार्थावर पडतात, त्या निराळ्याच. धुराच्या मूळ वासात हा दर्प मिसळून गेला की खाणाऱ्याला तो वेगळा कळतही नाही.

म्हणूनच नियम असा की, अस्तर काढावयाचे तर ते भट्टीचा पहिला स्वयंपाक होण्यापूर्वी, एकदाच, भरपूर उष्णता देऊन आणि पूर्णपणे काढावे.

पिंपाचे पूर्वचरित्र

लग्न जुळविताना आपण सात पिढ्यांची चौकशी करतो. पिंप घेताना निदान एका पिढीची तरी करावी. पिंपात पूर्वी काय होते हे विकणारा सांगू शकत नसेल, तर ते पिंप कितीही स्वस्त असले तरी अन्नाच्या कामासाठी घेऊ नये.

यात तीन वर्ग करता येतील. पहिला वर्ग खाद्यपदार्थांच्या पिंपांचा: खाद्यतेल, फळांचा गर, रस, गूळ-काकवी. ही पिंपे भट्टीला चालतात. अस्तर असल्यास तेवढे काढावे लागते. दुसरा वर्ग वंगणतेल व डांबर यांच्या पिंपांचा. ती कचरा जाळण्यास, पऱ्हाट्यांचा कोळसा पाडण्यास किंवा इतर कामांना लावावीत. अन्नासाठी ती टाळलेलीच बरी, कारण पत्र्याच्या जोडांत आणि कडांच्या दुमडीत शिरलेले तेल सहजासहजी निघत नाही. तिसरा वर्ग कीटकनाशके, रंग, थिनर, आम्ले आणि औद्योगिक रसायने यांचा. या पिंपांना अन्न, पाणी, धान्य आणि जनावरांचे खाद्य यांच्या जवळपासही येऊ देता कामा नये. जाळल्याने ती शुद्ध होतात हा समज चुकीचा आहे. काही विषे जळताना अधिक घातक वायू निर्माण करतात आणि दुमडीत उरलेला अंश नंतर अनेक महिने बाहेर पडत राहतो.

पिंपाच्या बुडाशी किंवा अंगावर 'यूएन' ही अक्षरे आणि त्यापुढे '१ए१' किंवा '१ए२' अशी खूण उठविलेली आढळते. पहिली खूण बंद तोंडाच्या आणि दुसरी निघणाऱ्या झाकणाच्या पोलादी पिंपाची. धोकादायक माल वाहून नेण्यासाठी हे पिंप कसोटीला उतरले आहे, एवढाच तिचा अर्थ. आत काय होते हे ती सांगत नाही. तेव्हा ही खूण पाहून निश्चिंत होऊ नये आणि ती नाही म्हणूनही निश्चिंत होऊ नये.

बंधूंनो, भांडे बदलल्याने काय अनर्थ होतो याचे उदाहरण आपल्या देशात घडलेले आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या शाळेत माध्यान्ह भोजन घेतलेली तेवीस मुले मरण पावली. त्या जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले, आणि पूर्वी हे औषध असलेल्या भांड्यात स्वयंपाकाचे तेल ठेवल्यामुळे ते घडले असे त्या वेळी सांगण्यात आले. कापूस पिकविणाऱ्या आपल्या भागाला कीटकनाशकांची ओळख करून देण्याची गरज नाही. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ते विष श्वासातून आणि कातडीतून शरीरात गेले होते. भांड्यातून जाणारे विष तर थेट ताटात येते.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. कीटकनाशकांसंबंधीच्या १९७१ च्या नियमांनुसार रिकामी वेष्टने पुन्हा वापरात येतील अशा रीतीने उघड्यावर टाकावयाची नसतात; ती फोडून वस्तीपासून दूर पुरावयाची असतात. घातक रसायनांनी दूषित झालेली रिकामी पिंपे ही २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतात. अशी पिंपे भंगारातून आठवडी बाजारात येत असतील, तर ती विकणारा आणि घेणारा दोघेही नकळत कायदा मोडत आहेत आणि स्वतःचा जीवही धोक्यात घालीत आहेत.

पिंप कापताना

पिंपाचे पूर्वचरित्र निर्दोष ठरले म्हणजे ते कापण्याचे काम येते. भट्टी करताना सर्वांत मोठा अपघात होण्याची शक्यता येथे असते. रिकामे दिसणारे पिंप खऱ्या अर्थाने रिकामे नसते. आत तेलाची किंवा इतर द्रवाची वाफ हवेत मिसळून राहिलेली असते. बंद पिंपावर गॅस कटर, वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालविला की ठिणगीने त्या वाफेचा स्फोट होतो आणि पिंपाचे बूड किंवा झाकण तोफेच्या गोळ्यासारखे उडते. पिंपावर काम करणाऱ्या कारागिरांचे बळी अनेक देशांत अशाच रीतीने गेले आहेत.

म्हणून प्रथम दोन्ही बुचे उघडावीत. धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने पिंप आतून दोन-तीन वेळा खळाळून धुवावे. नंतर जेथे कापावयाचे त्या रेषेच्या थोडे खालपर्यंत ते पाण्याने भरावे, म्हणजे वाफेला राहण्यास जागा उरत नाही. कापण्यासाठी छन्नी आणि हातोडा हीच साधने उत्तम. वेळ अधिक लागतो, पण हातपाय शाबूत राहतात. कापलेल्या कडा कानशीने घासून बोथट कराव्यात. धुतलेले पाणी नाल्यात, विहिरीजवळ किंवा जनावरे पाणी पितात अशा ठिकाणी सोडू नये. शक्य असेल तर निघणाऱ्या झाकणाचेच पिंप घ्यावे, म्हणजे हे सारे काम वाचते.

अस्तर जाळण्याची रीत

अस्तर काढण्याचे तीन मार्ग लोक अवलंबितात. पहिला, थिनर किंवा रंग काढण्याचे औषध लावणे. भट्टीत पक्के केलेल्या राळेवर त्याचा उपयोग फारसा होत नाही आणि औषधाचा अंशच उलट मागे राहतो. हा मार्ग सोडून द्यावा. दुसरा, यंत्राने खड्याचा किंवा लोखंडी छऱ्यांचा मारा करणे. औद्योगिक वसाहतीत जेथे ही सोय असेल, तेथे हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. मात्र वाळूचा मारा करताना तिची धूळ फुप्फुसात जाऊन कायमचा विकार जडतो, म्हणून तो मोकळ्यावर आणि तोंडाला नुसता रुमाल बांधून करू नये. तिसरा मार्ग जाळण्याचा. पिंपे नव्यासारखी करून देणारे कारखाने बंद भट्टीत अस्तर जाळतात आणि तो धूर पुन्हा जाळून मगच बाहेर सोडतात. घरगुती पातळीवर हीच गोष्ट उघड्या जागी करावी लागते, आणि त्यातून निघणारा धूर हवा बिघडवितो हे आपण मान्य केले पाहिजे. म्हणून माझा पहिला सल्ला असाच आहे की, अस्तर नसलेले खाद्यतेलाचे पिंप मिळत असेल तर तेच घ्यावे. ते मिळत नसेल आणि एखाद-दुसऱ्या पिंपाचाच प्रश्न असेल, तरच पुढील रीत अनुसरावी.

जागा गावापासून, गोठ्यापासून, कापसाच्या व कडब्याच्या गंजीपासून दूर असावी. चैत्र-वैशाखातील वाऱ्यात हे काम करू नये. वारा मंद असेल अशी सकाळची वेळ निवडावी आणि जवळ पाणी व मातीचे ढीग तयार ठेवावेत. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांना जवळ येऊ देऊ नये. काम करणाऱ्याने वारा ज्या दिशेने येतो त्याच बाजूला उभे राहावे.

पिंपाच्या बुचांचे रबर, झाकणाची रबरी कड आणि प्लास्टिकचे सर्व भाग आधी काढून टाकावेत. बुडापासून चार बोटे वर चहूबाजूंनी पाच-सहा भोके पाडावीत, म्हणजे आगीला हवा मिळेल. पिंप तीन विटांवर ठेवावे. आत बाभळीसारखे कडक, वाळलेले सरपण उभे रचावे आणि खालून पेटवावे. टायर, प्लास्टिक, रंगवलेले लाकूड किंवा प्लायवूड जाळू नये आणि रॉकेल-पेट्रोल ओतून आग भडकवू नये. आरंभी काळा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघेल. तो अस्तराचा धूर होय. आग चांगली पेटली की पत्रा ठिकठिकाणी अंधूक लाल दिसू लागतो. ही लाली म्हणजे पाचशे-सहाशे अंशांची खूण. सरपण वरचेवर टाकीत किमान दोन तास आग धगधगती ठेवावी. धूर पातळ आणि साधा झाला, त्याचा रासायनिक दर्प गेला, म्हणजे भिंतींवरील अस्तर जळाले असे समजावे.

येथे बहुतेक लोक थांबतात आणि फसतात. पिंपाच्या तळाशी राख साचते आणि ती राखच तळाच्या अस्तराला उष्णतेपासून वाचविते. भिंती स्वच्छ आणि तळ जसाच्या तसा, अशी स्थिती होते. पुढे भट्टीचे निखारे नेमके तळाशीच असतात, म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात पडल्यासारखे झाले. म्हणून पिंप पूर्ण निवल्यावर राख काढावी, पिंप उलटे करून विटांवर ठेवावे आणि खाली दुसरा जाळ करून बुडाला तो थेट लागेल असे पाहावे. झाकणही वेगळे जाळावे. तापलेल्या पत्र्यावर पाणी ओतू नये. पत्रा वाकतो आणि वाफेने भाजते.

घासणे आणि तेल देणे

जळालेले अस्तर राखाडी पापुद्र्यांच्या रूपाने पत्र्याला चिकटून राहते. ते तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून काढावे. तोंडाला चांगल्या प्रतीचा मुखपट्टा आणि डोळ्यांना चष्मा असावा. घासून निघालेली भुकटी आणि पहिली राख शेतात खत म्हणून टाकू नये. विहीर व ओढा यांपासून दूर खड्डा करून पुरावी. बाहेरचा रंगही खरवडून टाकावा, विशेषतः तो पिवळा वा नारिंगी आणि जुना असेल तर. कारण अशा जुन्या रंगांत शिशाची संयुगे असत. नंतर पुन्हा खिळ्याची परीक्षा करावी. कोठेही रंगीत खरवड निघाली, तर त्या जागेला पुन्हा जाळ द्यावा.

उघडा पत्रा एका रात्रीत गंजू लागतो. म्हणून तो धुऊन, वाळवून लगेच आतून खाद्यतेलाचा पातळ हात द्यावा आणि रिकामी भट्टी पेटवून ते तेल पत्र्यात मुरवावे. लोखंडी तवा आपण जसा तयार करतो, तशीच ही क्रिया आहे. आपल्याकडील जवसाचे तेल यासाठी फार चांगले, कारण ते तापून घट्ट थर धरते. मात्र ते घाण्याचे खाण्याचे तेल असावे. रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवस तेल घेऊ नये. लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंची संयुगे घातलेली असतात. आतून कोणताही रंग लावू नये. पहिले दोन-तीन जाळ अन्नाशिवायच करावेत आणि मगच भट्टी कामाला लावावी.

जाळी, नळी आणि सरपण

पिंप शुद्ध झाले तरी भट्टीत दुसऱ्या वाटांनी दोष शिरू शकतात. हार्डवेअरच्या दुकानातील स्वस्त जाळी आणि धुराड्याची पांढरी नळी यांवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त सुमारे ४२० अंशांवर वितळते आणि तीव्र उष्णतेत त्याचा धूर होतो. त्या धुराने थंडी वाजून ताप येतो. मुलामा दिलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करणाऱ्या कारागिरांना हे ठाऊक आहे. जाळी स्टेनलेस स्टीलची आणि नळी साध्या पोलादाची वापरावी.

सरपणाच्या बाबतीत आपला भाग सुदैवी आहे. वरुड, मोर्शी, चांदूर बाजार या संत्र्याच्या पट्ट्यात दरवर्षी झाडांवरील सल काढली जाते. ही वाळलेली लाकडे धुरीला योग्य आहेत. परंतु खोडाला लावलेल्या बोर्डो मलमात मोरचूद असतो, म्हणून मलम लागलेले खोडाचे लाकूड आणि नुकतीच फवारणी झालेल्या फांद्या टाळाव्यात. कपाशीवर वारंवार फवारण्या होतात, त्यामुळे धुरीसाठी पऱ्हाट्यांपेक्षा बाभूळ किंवा आंबा बरा.

धूर जितका दाट तितका चांगला, हाही समज सोडून द्यावा. कोंडलेल्या, काळ्या धुरात कर्करोगास कारणीभूत होणारी द्रव्ये अधिक असतात. पदार्थातील चरबी निखाऱ्यांवर ठिबकली की ती आणखी वाढतात. युरोपीय संघाने धुरावलेल्या मासळीत व मांसात बेंझोपायरिन या द्रव्याची मर्यादा २०१४ पासून किलोमागे दोन मायक्रोग्रॅम अशी कडक ठेवली आहे. आपल्याला प्रयोगशाळा जवळ नसली, तरी निखारे व पदार्थ यांत भरपूर अंतर ठेवणे, मध्ये थेंब झेलणारे ताट ठेवणे आणि निळसर पातळ धूर राखणे एवढे आपल्या हाती आहे. भट्टी बंद खोलीत चालवू नये. कार्बन मोनॉक्साइड हा वायू वास न येता जीव घेतो.

पाण्याचे पिंप वेगळे

आता एक विरुद्ध गोष्ट सांगतो. हे व्याख्यान ऐकून कोणी घरी जाऊन पाण्याच्या पिंपातील अस्तर जाळू लागेल, तर ते चुकीचे होईल. खाद्यपदार्थांसाठी बनविलेल्या पिंपात पाणी साठवीत असाल, तर अस्तर पत्र्याला गंजण्यापासून वाचविते. खारपाणपट्ट्यातील क्षारयुक्त पाण्यात उघडा पत्रा किती दिवस टिकतो हे आपण जाणता. तेथे अस्तर काढावयाचे नसते. ते सोलले गेले, फुगले किंवा त्याखाली गंज दिसू लागला, तर पिंपच बदलावे. म्हणजे थंड पाण्याशी अस्तराचे जमते, आगीशी जमत नाही. कोणते पिंप कशासाठी, हे एकदा ठरवून त्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे आणि मग त्यात फेरबदल करू नये.

गावाने काय करावे

हे सारे प्रत्येकाने आपापल्या घरी करावे, एवढ्यावर सोडून भागणार नाही. ग्रामपंचायतीला करता येण्यासारख्या काही गोष्टी आहेत. बाजाराच्या दिवशी पिंपे विकणाऱ्याला, आत पूर्वी काय होते हे पिंपावर लिहिण्यास सांगता येईल. रसायनाचे पिंप गावात आलेच, तर त्याच्या बुडाला भोके पाडून ते पाण्याच्या वा धान्याच्या उपयोगाचे राहणार नाही असे करता येईल. बचत गट भट्टीचा व्यवसाय करणार असेल, तर पिंप निवडण्याचे व तयार करण्याचे काम एखाद्या जाणत्या लोहाराकडे सोपवून ते एकाच ठिकाणी, एकाच वेळी करून घेता येईल. धुराचा त्रास एकदाच होईल आणि कामही नीट होईल. अकोल्याला १९६९ साली स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ आणि जिल्ह्यांतील कृषि विज्ञान केंद्रे आपल्या जवळ आहेत. शेतमाल प्रक्रियेविषयी तेथे विचारण्यास संकोच करू नये.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले गाडगे बाबा हातात खराटा आणि एक मातीचे गाडगे घेऊन गावोगाव फिरले. त्यांचे नावच त्या भांड्यावरून पडले. भिक्षेचे अन्न ते त्यातच घेत. भांडे फुटके का असेना, ते स्वच्छ असले पाहिजे, हे आपल्या मातीने फार पूर्वी ओळखले होते. आज आपल्या हाती मातीच्या गाडग्याऐवजी पोलादी पिंप आले आहे आणि त्याची घाण डोळ्यांना दिसत नाही, एवढाच काय तो फरक. तेव्हा पिंप विकत घेण्यापूर्वी त्याचा इतिहास विचारा, पेटविण्यापूर्वी त्याचे अस्तर काढा, आणि शंका आली तर ते परत करा. भट्टीचा पहिला घास आपल्या घरच्या लेकरांनाच दिला जाणार आहे, हे लक्षात असू द्या.